क्लायंटविरुद्धही तक्रार करता येते : स्थानिक समितीपर्यंतचा माझा अनुभव

मी मसाज थेरपिस्ट आहे. एका छोट्या वेलनेस सेंटरमध्ये काम करते. २०२५ च्या फेब्रुवारीत मी आमच्या एका नेहमीच्या क्लायंटविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार करायचं ठरवलं आणि जून संपता संपता त्या तक्रारीचा निकाल हातात आला. मधल्या काळात सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर माहिती नसण्याचा. इंटरनेटवर शोधलं की 'एचआरकडे जा', 'कंपनीच्या समितीकडे जा' एवढंच सापडायचं. आमच्याकडे एचआर म्हणजे मालकीण आणि समिती म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. स्पा, सलून, पंचकर्म सेंटर, जिम अशा ठिकाणी काम करणाऱ्या बायकांना हे वाचून पुढचा रस्ता थोडा तरी दिसावा, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

लिहिण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याच्या, म्हणजे आपण ज्याला पॉश कायदा म्हणतो त्याच्या, कलम १६ नुसार तक्रारीतला मजकूर, दोन्ही बाजूंची ओळख आणि चौकशीत काय बोललं गेलं हे जाहीर करता येत नाही. तक्रार किंवा चौकशी हाताळणाऱ्या कुणी त्याचा भंग केला तर पाच हजार रुपये दंड आहे. पीडितेची आणि साक्षीदारांची ओळख न देता न्याय मिळाल्याची माहिती मात्र सांगता येते. म्हणून इथे गाव नाही, सेंटरचं नाव नाही, नेमक्या तारखा नाहीत. प्रसंगही ओळख पटणार नाही इतपतच सांगते.

आमचं काम कसं चालतं ते आधी सांगायला हवं, कारण नंतर प्रत्येक टेबलावर मला ते समजावून सांगावं लागलं. क्लायंट पालथा झोपतो, अंगावर मोठा टॉवेल असतो. पाठ करायची तेव्हा टॉवेल कमरेपर्यंत दुमडायचा. पाय करायचा तेव्हा तेवढाच पाय उघडा ठेवायचा, टॉवेलची कड मांडीखाली नीट खोचायची, दुसरा पाय झाकलेलाच. उताणं व्हायला सांगताना टॉवेल दोन्ही हातांनी उचलून आडोशासारखा धरायचा, आपण मान वळवायची आणि क्लायंट वळून स्थिर झाला की टॉवेल खाली सोडायचा. कंबरदुखी असेल तर पार्श्वभागाच्या स्नायूंवर दाब द्यावा लागतो, पण तोही आधी तोंडी विचारून, आणि शक्यतो टॉवेलवरूनच. याला आम्ही ड्रेपिंग म्हणतो. कोर्समध्ये पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात आणि परीक्षेत याचे वेगळे गुण असतात.

हे नियम दोघांच्याही रक्षणासाठी आहेत. आमच्यापुढे माणूस अर्धा उघडा, डोळे मिटून, विश्वासाने पडलेला असतो. कितीतरी बाईमाणसं येऊन सांगतात की आधीच्या ठिकाणी थेरपिस्टने न विचारता पोटावर किंवा छातीजवळ हात फिरवला, आणि त्यांना 'नको' म्हणायलाही सुचलं नाही. तेव्हा मर्यादा फक्त क्लायंटने पाळायची असं मी अजिबात मानत नाही. आम्ही आधी पाळायची, आणि म्हणूनच समोरच्याकडूनही तिची अपेक्षा करायची.

हे गृहस्थ दिवाळीनंतर यायला लागले. डीप टिश्यू, म्हणजे खोलवर दाब देऊन करायचा मसाज, नव्वद मिनिटं, रविवारी संध्याकाळी. पहिले काही सेशन ठीक गेले. मग टॉवेल सरकवणं सुरू झालं. उकडतंय म्हणायचे, मी एसी वाढवायचे आणि टॉवेल पुन्हा जागेवर आणायचे. मग घरी कोण कोण असतं, लग्न झालंय का, नंबर दे. नंबर मी दिला नाही, पण सेंटरच्या बुकिंगच्या व्हॉट्सअॅपवर माझ्या नावाने मेसेज यायला लागले. जानेवारीत मी रिसेप्शनवरच्या मुलीला सांगून ते मेसेज जपून ठेवायला लावले. असं काही तुमच्या बाबतीत घडत असेल तर चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढताना वरचा नंबर आणि तारीख दिसेल असा काढा, आणि ज्या फोनवर मेसेज आले तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नका. पुढे पोलिसांत किंवा कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि ते मूळ फोन असेल तर सोपं जातं.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी उताणं झाल्यावर त्यांनी टॉवेल काढून बाजूला फेकला, माझं मनगट धरलं आणि 'एक्स्ट्रा किती घेतेस?' असं विचारून हात खाली ओढला. मी हात सोडवला, मागे सरकले आणि म्हणाले, "सर, सेशन मी इथेच थांबवते आहे. तुम्ही कपडे घाला, मी रिसेप्शनला आहे." वाक्य शिकवलेलं होतं, त्यामुळे तोंडातून निघालं. दाराची मूठ मात्र फिरेना. हाताला तेल, मूठ गोल, गुळगुळीत. शेवटी ॲप्रनच्या टोकाने धरून ती फिरवली. ते काही सेकंद अजून अंगावर येतात.

बाहेर त्यांनी आवाज चढवला, अर्धं सेशन झालं म्हणून पैसे द्यायला नकार दिला आणि निघून गेले. मी बाथरूममध्ये कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले, आणि पुढचं बुकिंग दुसरीला द्यायला सांगितलं. घरी गेल्यावर रात्री वहीत सगळं उतरवून काढलं: किती वाजता आत गेले, काय शब्द होते, बाहेर कोण बसलं होतं, दार उघडल्यावर मला आधी कुणी पाहिलं. लिहिताना रडू येत होतं, तरी लिहिलं. दोन-तीन आठवड्यांनी वेळा आणि क्रम पुसट होतात. पुढे प्रत्येक ठिकाणी मी त्या पानावरूनच बोलले. हे त्याच रात्री करा.

दुसऱ्या दिवशी मालकीण मॅडमना सांगितलं. त्या वाईट बाई नाहीत. पगार वेळेवर देतात, पाळीच्या दिवसांत सुट्टी देतात. पण त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मी बोलते त्यांच्याशी, तू मनाला लावून घेऊ नकोस." काय बोलल्या मला माहीत नाही. पुढच्या आठवड्यात त्या गृहस्थांचं बुकिंग पुन्हा आलं आणि ते आमच्याकडच्या सगळ्यात नव्या मुलीला दिलं गेलं. ईशान्येकडून आलेली, मराठी येत नाही, हिंदी मोडकं, राहण्याची जागासुद्धा सेंटरनेच दिलेली. ती कुणाला काय सांगणार होती? त्या दुपारी माझं ठरलं. स्वतःसाठी मी कदाचित गप्प बसले असते, कारण घरी आई म्हणतच होती, "सोड ते काम, दुसरं बघ." माझी आजी बाळंतिणींना आणि बाळांना मालिश करायची. पूर्ण गल्ली तिला मान द्यायची. तेच काम मी शिकून, परीक्षा देऊन करते, तर ते सोडून मी का जावं, हा प्रश्न मी आईला विचारला. तिने उत्तर दिलं नाही, पण पुन्हा सोड म्हणालीही नाही.

कुणाकडे जायचं हे कळायला आठवडा गेला. ओळखीतल्या एका ताईंनी जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात पाठवलं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. साधा अर्ज आणि आधारची झेरॉक्स एवढ्यावर मला वकील मॅडम मिळाल्या. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा नंबर आहे.

मी त्यांना पहिला प्रश्न हाच विचारला की तो माणूस सेंटरचा नोकर नाही, क्लायंट आहे, मग हा कायदा लागू होतो का. सेंटरमध्ये सगळे 'नाही' म्हणत होते. वकील मॅडमनी कायद्याचं पुस्तकच समोर ठेवलं. ज्याच्याविरुद्ध तक्रार तो 'व्यक्ती' असं लिहिलं आहे, नोकर असं नाही. आणि कलम १९ मध्ये मालकाची कर्तव्यं दिली आहेत, त्यात कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षितता देणं हे कर्तव्य स्पष्ट आहे. स्त्रीला पोलिस तक्रार करायची असेल तर तिला मदत करणं, हेही. मी ते पान मोबाईलवर फोटो काढून घेतलं आणि त्याच संध्याकाळी मालकीण मॅडमना दाखवलं. त्यांनी ते उभ्या उभ्या, मग खुर्चीत बसून वाचलं. त्यानंतर त्यांचा सूर बदलला. आधी त्या माझ्या विरोधात होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांनाही कायदा माहीत नव्हता.

दुसरा प्रश्न, तक्रार कुठे. दहा किंवा जास्त लोक कामाला असतील तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमायची असते. दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. माणसं मोजताना थेरपिस्ट, रिसेप्शन, साफसफाईच्या मावशी, शिकाऊ मुली, कंत्राटी, सगळे धरायचे. आमची संख्या दहाच्या आत होती. शॉप ॲक्टखाली मालक सरकारला जी ऑनलाइन सूचना देतो तिच्यात कामगारांची संख्या भरलेली असते, तिची प्रत मी जोडली, म्हणजे 'ही तक्रार आमच्याकडे येत नाही' असं म्हणायला जागा राहिली नाही.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यावी लागते. वारंवार घडलं असेल तर शेवटच्या घटनेपासून. तक्रारीच्या सहा प्रती, पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते जोडून द्यायच्या. मराठीत लिहिलेली चालते. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे टाइप करून घ्यायचं माझ्या मनात होतं, पण तिथे बाजूला चार पुरुष उभे असतात आणि टायपिस्ट मजकूर मोठ्याने वाचतो. मी घरीच भावाच्या लॅपटॉपवर टाइप केली. खर्च काय तो झेरॉक्सचा, दोनेकशे रुपये. तक्रारीला फी नाही, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोटरी लागत नाही. कुणी मागितलं तर कुठल्या नियमात लिहिलंय ते विचारा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेले. पहिल्या टेबलाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने 'समिती नव्याने गठित होतेय, नंतर या' असं सांगितलं. वकील मॅडमनी आधीच बजावलं होतं की तोंडी काही ऐकून परत यायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणाच्या निमित्ताने, ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य या खटल्यात, ३ डिसेंबर २०२४ ला आदेश देऊन प्रत्येक जिल्ह्यात या कायद्यासाठीचा जिल्हा अधिकारी आणि स्थानिक समिती नेमायला मुदत घालून दिली होती. मी त्याचा उल्लेख केला, आवाज न चढवता, आणि म्हटलं की समिती बसेल तेव्हा बसेल, माझी तक्रार आज आवक करून घ्या. त्या ताईंनी माझ्याकडे बघितलं, सहा प्रती मोजल्या आणि सातव्या, माझ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक टाकून दिला. ही पोच तुमच्याकडे असायलाच हवी. तीन महिन्यांची मुदत पाळल्याचा तोच पुरावा. प्रत्यक्ष जाणं शक्य नसेल तर केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरून ऑनलाइन तक्रार करता येते.

त्यानंतर मार्चअखेर आली. सरकारी ऑफिसात मार्चअखेरीला दुसरं काही हलत नाही. होळी गेली, पाडवा गेला. मला झोप लागत नव्हती. कामावर जायचे, पण पुरुष क्लायंट घेणं बंद केलं होतं, त्यामुळे कमिशन आणि टिप निम्म्यावर आली. या सगळ्यात खरा खर्च कुठला झाला असेल तर हा. तक्रारीत कलम १२ खाली दिलासा मागता येतो: चौकशी चालू असेपर्यंत दुसऱ्या ठिकाणी बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा. ही रजा आपल्या हक्काच्या रजेव्यतिरिक्त असते. मी रजा मागितली नाही, एवढंच मागितलं की त्या गृहस्थांचं बुकिंग कुणाकडेच घेऊ नये. समितीकडून काही यायच्या आतच मॅडमनी ते स्वतःहून मान्य केलं.

पोलिसांकडे जायचं की नाही यावर मी बराच विचार केला. आमच्या व्यवसायातल्या बायकांना पोलिस स्टेशनची भीती वेगळीच असते. पेपरात 'स्पावर छापा, तरुणींची सुटका' या बातम्या येतात, अनैतिक देहव्यापार रोखण्याच्या पिटा कायद्याचं नाव येतं, आणि त्यानंतर शहरातल्या प्रत्येक सेंटरमधली प्रत्येक मुलगी संशयित होते. तक्रार करायला गेले आणि मलाच विचारलं, 'तिथे अजून काय चालतं?', तर? तसं विचारलंच. पोलिस ठाण्यातल्या पहिल्या माणसाने हाच प्रश्न विचारला. मी माझं स्पा थेरपिस्टचं प्रमाणपत्र, सेंटरची शॉप ॲक्टची कागदपत्रं आणि समितीच्या कार्यालयाची पोच टेबलावर ठेवली आणि महिला अधिकाऱ्यांकडेच जबाब देईन असं सांगितलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे अशा गुन्ह्यात स्त्रीची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. वकील मॅडम सोबत होत्या, त्याने फार फरक पडला.

महिला अधिकारी आल्या तेव्हा वातावरण बदललं. त्यांना मसाजमधलं काही माहीत नव्हतं, पण त्यांनी विचारलं. टॉवेल कसा असतो, तुम्ही कुठे उभ्या असता, क्लायंटला तुमचा हात कुठून धरता येतो. मी त्यांच्या टेबलावरच्या फाइलला ओढणी गुंडाळून दाखवलं. त्यांनी ते जबाबात जसंच्या तसं घेतलं, आणि त्या एका परिच्छेदामुळे पुढे कुणी 'मसाजमध्ये हात लागतोच' असं म्हणू शकलं नाही. गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली नोंदला गेला; १ जुलै २०२४ आधीच्या घटनांना जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३५४ अ लागतं. नको असलेली शारीरिक लगट किंवा लैंगिक मागणी याला तीन वर्षांपर्यंत सश्रम कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नव्वद दिवसांच्या आत तपासाची प्रगती कळवणं हेही आता पोलिसांवर बंधनकारक आहे.

सीसीटीव्हीचं एक सांगते. रूममध्ये कॅमेरा नसतो आणि नसायलाच हवा. पण पॅसेजमध्ये आणि रिसेप्शनला असतो, आणि त्यावर मी दार उघडून कशी बाहेर आले, त्यानंतर ते किती वेळाने आले, हे दिसतं. हे फुटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जाऊन त्यावर नवं रेकॉर्ड होतं. आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीने वेळेत ते पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं म्हणून वाचलं. घटना घडल्याबरोबर मालकाला लेखी, निदान व्हॉट्सअॅपवर तरी, कळवा की त्या दिवसाचं फुटेज राखून ठेवा.

एप्रिलमध्ये समितीचं पत्र आलं. तक्रार मिळाल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत एक प्रत समोरच्याला जाते आणि त्याला दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं. त्यांचं उत्तर मला वाचायला मिळालं. त्यात काय होतं ते लिहिता येणार नाही. एवढंच सांगते की ते घरी, एकटीने, रात्री वाचू नका. मी वकील मॅडमच्या ऑफिसात, दिवसा वाचलं आणि तरीही त्या दिवशी कामावर जाऊ शकले नाही.

सुनावणी मे महिन्यात, भर उन्हाळ्यात झाली. समितीपुढे कुठल्याच बाजूला वकील आणता येत नाही, हे मला आधी धक्कादायक वाटलं होतं. वकील बाहेर बाकावर बसल्या, आत मी एकटी. पण तिथे कोर्टासारखं वातावरण नव्हतं. लांब टेबल, अध्यक्ष एक ज्येष्ठ समाजकार्यकर्त्या, बाकी सदस्यांत कायद्याची माहिती असणारं एक कुणीतरी, आणि खात्याच्या अधिकारी. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर असावे लागतात. मी आदल्या आठवड्यात अर्ज दिला होता की त्या गृहस्थांच्या समोर बसून मला बोलता येणार नाही. तो मंजूर झाला, दोघांना वेगवेगळ्या वेळी आत बोलावलं. त्यांचे प्रश्न समितीने कागदावर घेतले आणि मला विचारले, माझे त्यांना. हे मागता येतं हे पुष्कळजणींना माहीत नसतं.

सुरुवातीलाच मला विचारलं गेलं की समेट करायचा आहे का. कलम १० प्रमाणे समेट हा तक्रार करणाऱ्या स्त्रीनेच मागायचा असतो, आणि पैसे घेऊन समेट करता येत नाही. बाहेरून मला दोन निरोप आले होते, एक पैशांचा आणि एक 'खोटी तक्रार म्हणून उलट केस पडेल' असा. पैशांचा निरोप मी समितीला लेखी कळवला. दुसऱ्याबद्दल अध्यक्षांनी स्वतः समजावलं: जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याचं चौकशीत सिद्ध झालं तरच कारवाई होते, पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. हे ऐकल्यावर माझ्या छातीवरचं ओझं खरंच उतरलं. ही गोष्ट पहिल्या दिवशी कुणी सांगितली असती तर कितीतरी रात्री झोप लागली असती.

साक्षीला आमची रिसेप्शनवरची मुलगी आली. साफसफाईच्या मावशीही आल्या. मावशींनी फक्त एवढंच सांगितलं की मी बाहेर आले तेव्हा माझ्या ॲप्रनला तेल होतं आणि मी थरथरत होते. त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडू नये म्हणून मालकीण मॅडमनी मावशींची हजेरी मांडली. मॅडम स्वतःही येऊन जे घडलं ते सांगून गेल्या, त्या नव्या मुलीला बुकिंग दिल्याचंही सांगितलं. ते सांगणं त्यांना सोपं नव्हतं आणि मी त्याबद्दल त्यांची ऋणी आहे.

चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. मार्चमधली ढकलाढकल धरली तर थोडी ओलांडली. अहवाल पूर्ण झाल्यापासून दहा दिवसांत दोन्ही बाजूंना मिळतो. जूनच्या शेवटी मला प्रत मिळाली. तक्रार सिद्ध झाली. शिफारशींतला मजकूर मी लिहीत नाही, पण तो माणूस कुणाच्या नोकरीत नसल्यामुळे पगारातून भरपाई वगैरे प्रश्न आला नाही, हे समजून असा. क्लायंटच्या बाबतीत या समितीचा खरा उपयोग दोन गोष्टींसाठी होतो: घडलं ते घडलं अशी अधिकृत नोंद होते, आणि मालकावर पुढची जबाबदारी टाकली जाते. शिक्षेचा भाग पोलिस आणि कोर्टाचा. अहवालाविरुद्ध नव्वद दिवसांत अपील करता येतं. कुणी केलं नाही. फौजदारी प्रकरणात दोषारोपपत्र दाखल झालं आहे, तारखा पडत आहेत.

सेंटरमध्ये काय बदललं ते सांगते, कारण हे कुणीही उद्यापासून करू शकेल. दारांच्या गोल मुठी काढून कोपराने दाबता येतील अशा लांब दांड्याच्या बसवल्या. प्रत्येक बेडखाली बेलचं बटण आहे. क्लायंट आल्यावर आजारांची माहिती घेण्याचा फॉर्म आधीही होता, रक्तदाब, पायात रक्ताची गुठळी, ताप, त्वचेचा संसर्ग, गरोदरपण असं सगळं विचारणारा. आता त्याच फॉर्मवर वरच, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलं आहे: शरीराचा कोणता भाग झाकलेला राहील, कुठे काम होणार नाही, तुम्ही केव्हाही थांबवायला सांगू शकता आणि थेरपिस्टही केव्हाही सेशन थांबवू शकते, तसं झालं तर पैसे परत मिळणार नाहीत. सही झाल्याशिवाय रूम मिळत नाही. काही क्लायंट गेले. राहिले त्यांच्यातल्या एका वयस्कर काकांनी फॉर्म वाचून सांगितलं की आता बायकोलाही पाठवीन. थेरपिस्टचा खासगी नंबर कुणाला द्यायचा नाही, एका क्लायंटने एकीला त्रास दिला तर तो दुसरीकडे पाठवायचा नाही, हेही भिंतीवर लावलं आहे. त्या नव्या मुलीने ते तिच्या भाषेत लिहून आत चिकटवलं.

काही जण म्हणतात की पुरुषांना पुरुषांनी आणि बायकांना बायकांनीच मसाज करावा, म्हणजे प्रश्नच मिटेल. दिल्ली सरकारने २०२१ मध्ये तसा नियम केला होता, दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याला स्थगिती दिली. मला हा मार्ग पटत नाही. त्याने गैरवर्तन करणाऱ्याला काहीच होत नाही आणि निम्म्या मुलींचं काम जातं. कुणाला स्वतःहून फक्त स्त्री क्लायंट घ्यायचे असतील तर तो तिचा अधिकार असावा, आणि आमच्याकडे आता तसं विचारलं जातं. मी ऑगस्टपासून पुन्हा सगळे क्लायंट घ्यायला लागले. पहिल्या दिवशी दार अर्धवट उघडं ठेवलं, क्लायंटला तसं सांगून. ते म्हणाले, "तुम्हाला बरं वाटेल तसं करा."

हे लिहितेय असं कळल्यावर ओळखीच्या मुलींनी जे विचारलं त्यातल्या दोन प्रश्नांचं उत्तर इथे देते. घरी जाऊन सेवा देणाऱ्यांसाठीसुद्धा हा कायदा आहे, कारण कामाच्या निमित्ताने जिथे जावं लागतं ती जागा, आणि राहतं घरसुद्धा, कायद्याने कामाचं ठिकाण धरलं आहे. फक्त त्या वेळी ॲपवरचं बुकिंग, पत्ता आणि वेळ यांचे स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा. आणि तीन महिने उलटून गेले असतील तरी लगेच हात टेकू नका. वेळेत तक्रार देता न येण्यासारखी परिस्थिती होती असं समितीला पटलं तर कारणं नोंदवून ती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. उशीर का झाला ते, आजारपण असो, धमकी असो, नोकरी जाण्याची भीती असो, वेगळ्या कागदावर स्पष्ट लिहा, तक्रारीला जोडा आणि त्या कागदावरही आवक क्रमांक टाकून घ्या.